समाचाराची पहिली भेट

१८ डिसेंबर १९४८, लंडन

बेल मंडळींचं बोलावणं आलं. नाताळच्या दिवशी, दुपारी जेवायला. आता सुटका नाही. आल्यापासून चुकवतोय, आधी थंडी, मग परीक्षा, मग सर्दी. कुलकर्णी (माझ्या खोलीतला सोबती, पुण्याचा) म्हणतो, "अरे, जेवायला बोलावलंय, फाशी द्यायला नाही." त्याला म्हणायला काय जातंय. त्याच्या ओट्यावर नाही मेला त्यांचा मुलगा.

तिथे बोलताना गोंधळ नको म्हणून एकदा नीट मांडून ठेवतो. मुलगा आर्थर. लष्करात, मोटारसायकलवरून टपाल नेणारा. चव्वेचाळीसच्या भाद्रपदात एका रात्री भर पावसात मुंबई-पुणे रस्त्यावर, खालापूरच्या अलीकडे, आमच्या घरासमोरच्या मोरीवर, छोट्या पुलावर, त्याची गाडी घसरली. मी तेव्हा पुण्यात बी.ए.ला. बाबा बैल बघायला कशेळ्याला गेलेले. घरी आई आणि धाकटी बहीण काशी. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आई एवढंच म्हणाली, "रातभर ओट्यावर हुता बिचारा. सकाळी ग्येला." पुढे काही विचारलं की ती चुलीकडे वळायची. मग एक गोरा साहेब येऊन बाबांचं नाव लिहून घेऊन गेला, आणि काही महिन्यांनी मुलाच्या बापाचं पत्र आलं, तुम्ही आमच्या मुलावर पांघरूण घातलंत हे आम्ही जन्मभर विसरणार नाही म्हणून. घरात इंग्रजी येणारा मी एकटा. उत्तर मी लिहिलं. तेव्हापासून दर नाताळला त्यांचं कार्ड येतं.

निघताना आईने साऱ्या लंडनला पुरतील एवढे पापड बांधून दिले. आर्थरच्या आईसाठी काहीतरी दे म्हटलं तर म्हणाली, "अशा घरी पयल्यांदा रिकाम्या हातानं जात्यात." खरंच आहे. समाचाराला, कुणी गेल्यावर दुःखाला जाताना, कोण काय नेतो?

२१ डिसें.

कु. बरोबर वाद. तो एडिंबरोला चाललाय मित्राकडे. जाता जाता उपदेश: फुलं ने, चॉकलेट ने, इथे रिकाम्या हाताने जात नाहीत.

मी: पहिली भेट आहे. समाचाराची आहे.

तो: चार वर्षं झाली, दत्तू!

मी: चाळीस होऊ देत. मुलगा गेल्यावर पहिल्यांदा भेटतोय ना? मग समाचारच.

"तुम्ही खालापूरवाले म्हणजे—" म्हणत तो हसत ट्रंक घेऊन जिना उतरला. पुणेकराला कुणाच्या दारात रडायला जायचं माहीतच नसावं. पत्र पाठवून मोकळे होत असतील.

२४ डिसें.

वसतिगृह रिकामं. दिवसभर एकटा शहरात भटकलो. एवढी गर्दी, पण कुणी कुणाला धक्का देत नाही, दिला तर दोघंही माफी मागतात. एका मोठ्या दुकानाच्या काचेत खोटा बर्फ आणि त्यात चाललेली खेळण्यातली आगगाडी. पोरांबरोबर मीही नाक काचेला लावून उभा. आपली कर्जत-खोपोलीची गाडी आठवली. पळसदरीला पाणी प्यायला थांबलेल्या म्हशीसारखी थांबते ती.

हातमोजे घेतले, लोकरीचे. महाग पडले, पण बोटं निळी झाली होती. मनात आलं, उद्या त्या घरात दुःखाला जायचंय आणि मी आज खरेदी करतोय. लाज वाटली, पण मोजे काढले नाहीत.

२५ डिसें.

पार पडलं एकदाचं.

बस नव्हत्या, चालत गेलो. काळा कोट, हात रिकामे. दार बेलबाईंनीच उघडलं आणि मी दचकलो. डोक्यावर लाल कागदाचा मुकुट! गोल चेहरा, पिकले केस, आईपेक्षा चारपाच वर्षांनी लहान असतील. "तुम्ही आलात! खरंच आलात!" मी काही बोललो नाही, मान खाली घालून उभा राहिलो. समाचाराला गेल्यावर आधी आपण बोलायचं नसतं.

आत बेलसाहेब आणि शेजारचं एक जोडपं. सगळ्यांच्या डोक्यावर मुकुट. छताला रंगीत कागदांच्या साखळ्या. भिंतीवर आर्थरचा फोटो, गणवेशातला, हसरा, आणि फोटोच्या चौकटीवरही हिरवी डहाळी खोचलेली. मला वाटलं, फोटोला हार घालतात तसंच असेल. कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलो. माझ्याही डोक्यावर हिरवा मुकुट ठेवला. मी तो काढून मांडीवर घेतला.

जेवणात कोंबडी होती. शेजारीण म्हणाली, बेलबाईंनी आठवडेच्या आठवडे रेशन मागे टाकलंय आजच्यासाठी, लोणी, साखर, सगळं. मी नको म्हटलं. बाई म्हणाल्या, "थोडंसं?" नको. "मग पुडिंग तरी? यात एक नाणं लपवलंय, ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं जातं." तेही नको. चहा? नको. समाचाराच्या घरी पाण्याचा घोटही घ्यायचा नसतो, हे त्यांना कसं सांगू? पोटात कावळे कोकलत होते, पण मी दगडासारखा बसलो. दर वेळी बाईंचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला. मला वाटलं, आता येतंय. आता रडतील. आपल्याकडे मुलगा जिथे गेला त्या गावचं माणूस दारात दिसलं की बाई टाहो फोडते, आपणही डोळ्यांना उपरणं लावायचं, आणि मग तिचं मन मोकळं होतं. त्यासाठीच तर जायचं असतं.

पण रडेनात. रेडिओवर राजाचं भाषण झालं, ते ऐकलं. मला वाटलं, परक्या पोरासमोर बाईंना संकोच वाटत असेल, सुरुवात आपणच करून द्यावी. म्हणालो, "शेवटपर्यंत तुमचंच नाव त्याच्या तोंडी होतं. रात्रभर आईला हाक मारत होता."

शेजारणीच्या हातातला चमचा बशीवर पडला. बेलसाहेब म्हणाले, "रात्रभर?"

मी म्हटलं, "हो, रात्रभर."

बाई उठून आत गेल्या. बेलसाहेबांचं तोंड पांढरंफटक. हळूच म्हणाले, "आज नको, मुला. कृपा करून आज नको."

थोडा वेळ बसून मी उठलो आणि निघालो. समाचाराहून निघताना निरोप घेत नाहीत. फाटकापाशी बेलसाहेबांनी मागून हाक मारली, एकदा नाही, दोनदा. मी वळलो नाही.

रडल्या असाव्यात आत जाऊन. बरं झालं, मोकळ्या झाल्या. पण साहेब तसे का दिसले कळत नाही. हातमोजे तिथेच राहिले. भूक फार लागली आहे, आणि आज सगळी दुकानं बंद.

२७ डिसें.

कु. आला. मोठ्या ऐटीत त्याला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता खाली बसला. हसेल वाटलं होतं. हसला नाही.

"दत्तू, त्यांनी तुला रडायला नव्हतं बोलावलं. वर्षाच्या सणाला मुलाच्या रिकाम्या खुर्चीवर बसवायला बोलावलं होतं. एक दिवस हसावं म्हणून. आणि तू जेवलाही नाहीस?"

"पाणीसुद्धा नाही."

"आणि न सांगता निघालास? हाक मारली तरी?"

त्याने पुढे काही बोलायची गरज नव्हती. डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात मी, मांडीवर हिरवा मुकुट घेऊन बसलेला. बाईंनी आठवडे आठवडे वाचवलेलं लोणी. "थोडंसं?" म्हणतानाचा तो चेहरा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

कु.ने मग विचारलं, "आणि तो खरंच आईला हाका मारत होता?"

मी म्हटलं, असं म्हणतातच की.

"कोण म्हणतं?"

सगळे म्हणतात! दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. शेवटचे तीन दिवस वाचा बसली होती, मी उशाशीच होतो. तरी समाचाराला आलेला प्रत्येक जण मला म्हणालाच, "दत्तूचंच नाव घ्येत ग्येला रं म्हातारा." मामा तर परगावी होता, तोही म्हणाला. त्यांना ठाऊक, मला ठाऊक, कुणी खोटं बोललं नाही. ते शब्द म्हणजे खांद्यावर ठेवलेला हात असतो. खालापूर तालुक्यात शेवटी दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन कुणी मेलेलंच नाही.

कु.ने ट्रंक पलंगाखाली सरकवली. "पण त्या बाई खालापूरच्या नाहीत," म्हणाला.

२९ डिसें.

माफी मागायला गेलो. त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो. खिडकीत अजून कागदी साखळ्या दिसत होत्या. परत आलो.

मी हे असंच करतो. जिथे जाऊ नये तिथे छाती काढून जातो, आणि जायला हवं तिथे कोपऱ्यावरून परत.

३० डिसें.

बेलबाई स्वतः आल्या. माझे हातमोजे घेऊन. वसतिगृहाच्या बैठकीत थंडगार शेगडीसमोर बसल्या, टोपी न काढता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"मला सांगितलं होतं, तो क्षणात गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

तेव्हा आठवलं. बेलसाहेबांच्या त्या पहिल्या पत्रात हे वाक्य होतं. आमच्या मुलाला त्रास झाला नाही, क्षणात गेला, असं आम्हाला कळवण्यात आलंय. मी वाचलं होतं, आणि मला वाटलं होतं, यांच्याकडे असंच म्हणायची रीत असेल! आपण नाव घेत गेला म्हणतो, हे क्षणात गेला म्हणतात. त्यांना खरं वाटलेलं वाक्य मी रीत समजलो, आणि माझी रीत त्यांनी खरी मानली.

आता सांगायला हवं होतं. आत्ता, याच घटकेला. बाई, मी तिथे नव्हतो. बाई, आमच्याकडे असं म्हणतात.

पण त्याच पुढे बोलल्या. "तो एकटा होता का? एवढंच सांगा." त्यांच्या मांडीवर माझे मोजे, त्यांवर त्यांचे दोन्ही हात.

आणि मी म्हणालो, "नाही. माझी आई होती. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पाणी पाजलं."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण लिहिताना वाटतंय, यात खोटं ते काय? आई तिथे होती. ओट्यावर माणूस कण्हतोय आणि आई पाणी पाजणार नाही? वाटेवरच्या बैलाला पाजते ती.

बाई रडल्या. तशाच, आपल्याकडच्यासारख्या, पदर नव्हता एवढंच. "चार वर्षं मला वाटत होतं, तिथे कुणी नव्हतं आणि वेळही नव्हता. तुमच्या आईने माझं काम केलं." जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला आणि रविवारी जेवायला बोलावलं.

२ जानेवारी १९४९

गेलो. जेवलो. सगळं घेतलं, दोनदा घेतलं. जेवणानंतर बाईंनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं. या वेळी त्यात दिवाही आला. आईने दिवा लावला होता. लावलाच असणार.

बेलसाहेब उठून मागच्या अंगणातल्या झोपडीत गेले, हत्यारं ठेवतात तिथे.

आईला पत्र घालून नीट विचारावं असं रोज ठरवतो. पण आईला वाचता येत नाही. पत्र मास्तर वाचणार, चारचौघांत. नको. घरी गेल्यावर समोर बसून विचारीन.

२० फेब्रु.

रविवार. नेहमीप्रमाणे. आता मला सगळं तोंडपाठ झालंय. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं आपोआप येतं. बाई डोळे मिटून ऐकतात. आज मीच डोळे मिटले, आणि मलाही दिसलं सगळं. आईची मांडी, दिवा, पाऊस.

परत निघालो तेव्हा बेलसाहेब फाटकापर्यंत आले. कमी बोलणारा माणूस. म्हणाले, "ती आता रात्री झोपते. चार वर्षांनी झोपायला लागलीय." मग थोडं थांबून, "तू तिला खरं सांगतोयस ना?"

मी हो म्हणालो. त्यांच्या डोळ्यांत बघून हो म्हणालो.

१० एप्रिल

बाईंनी आर्थरचा जुना स्वेटर उसवायला घेतलाय. निळसर करडी लोकर. इथे लोकरीची टंचाई, जुनं उसवून नवं विणतात. मला समोर बसवून दोन्ही हातांवर लोकरीची लड घातली आणि गुंडाळायला लागल्या. कोणासाठी विणताय विचारलं.

"तुमच्या आईसाठी. शाल."

हात अडकलेले. उठून जाताही येईना.

७ ऑगस्ट

परीक्षा पास. परवा बोट. बाई बंदरापर्यंत यायच्या म्हणत होत्या, मी नको म्हटलं. शाल कागदात बांधून दिली. "त्यांना सांगा, ही त्याचीच आहे. आणि त्यांना विचारा, आणखी काही बोलला का. कुठलाही शब्द. मला काहीही चालेल."

१८ सप्टें., कर्जत

येऊन पंधरवडा होऊन गेला. शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. हार, भाषणं, पेढे. हेडमास्तर म्हणाले, विलायतेत राहूनही दत्ताराम आपली रीतभात विसरला नाही. मी हाराआड तोंड लपवलं.

खालापूरला दोनदा जाऊन आलो. आई वाळली आहे. पहिल्याच दिवशी शाल पुढे केली. "आई, त्या बाईंनी दिलीय. आर्थरच्या आईने. त्याच्याच स्वेटरची लोकर आहे."

आईने हात पुढे केला नाही. "ठेव तितं," म्हणाली. मी खाटेवर ठेवली. दुसऱ्या खेपेला गेलो तरी तिथेच, कागदाची गाठ तशीच.

आणखी एक. रात्री दाराला आगळ लावायला गेलो तर आगळच नाही. भिंतीतली भोकं रिकामी. "आगळ कुठाय गं?" "चुलीत घातली. कवाच." असं उघड्या दाराने झोपते ही, रस्त्याकाठचं घर, कुत्री आत येतात. बाबा गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही असं वाटलं. नवी करून घेतो म्हटलं, तर अंगावरच आली. "माज्या घराला आगळ लावायची नाय. सांगून ठेवत्ये."

९ ऑक्टो.

पळसदरीला काशीकडे गेलो, भाऊबीज लांब असली तरी. तिचा धाकटा रांगायला लागलाय. बोलता बोलता शालीचं निघालं. आई हातसुद्धा लावत नाही म्हटलं. मग सहज, अगदी सहज विचारलं, "त्या रात्री तू होतीस ना गं? आईने त्याला पाणी पाजलं तेव्हा?"

काशी तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"कुनी सांगितलं तुला पानी पाजलं?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"दादा, दार उघडलंच नाय आमी."

पुढचं ती सुपाकडे बघून बोलली. तुटक तुटक. दारावर थाप पडली. बाहेर पुरुषाचा आवाज, बोली कळेना. खोपोलीकडे छावणीतले शिपाई दारू पिऊन घरांत घुसतात अशा तेव्हा वावड्या. घरात दोघीच, काशी सोळाची. बाबा जाताना बजावून गेलेले, कुणी का असंना, दार उघडायचं नाय. आईने आगळ घातली आणि काशीला घेऊन दाराजवळच्या कणगीआड बसली. "आमाला वाटलं, प्यालाय. वरडून वरडून जाईल. मंग हळूहळू आवाज बारीक झाला. मला वाटलं ग्येला. आय म्हनाली, ग्येला नाय, बसलाय. रातभर आयनं माज्या त्वांडावर हात दाबून धरला हुता. मी बोलू नये म्हनून."

सकाळी आईने दार उघडलं. पाय मोडलेला, मोरीपासून सरपटत आलेला. चिखलात माग होता. अंग अजून कोमट होतं. आईने आपली गोधडी आणून घातली. मग गोरा साहेब आला, त्याने गोधडी बघितली, आईला सलाम ठोकला.

"सलाम क्येला तवा आय आत जाऊन वकली," काशी म्हणाली. "तुला म्हाईत नव्हतं? मला वाटलं, तुला म्हाईत हाय."

आईला दोष द्यायला जीभ उचलत नाही. सोळा वर्षांची पोर घरात. मी असतो तर उघडलं असतं? बेलबाईंच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून परत येणारा मी? पण आईचं एक दार बंद राहिलं, आणि मी त्यावर सात महिने दर रविवारी दिवा लावून, मांडी देऊन, पाणी पाजून आलो. पोटभर जेवून आलो.

१० ऑक्टो.

शाळेत शिकवलं. काय शिकवलं आठवत नाही.

१५ डिसें.

बेलबाईंचं कार्ड आलं. बर्फातलं घर, खिडकीत उजेड. आत चारच ओळी. शाल आवडली का? थंडी आहे का तिकडे? आम्ही या नाताळला तुमच्या आईसाठी एक ताट मांडणार आहोत. आणि तुम्ही विचारलंत का?

कार्ड शाळेच्या टेबलाच्या खणात ठेवलं. मग बाहेर काढलं. मग पुन्हा ठेवलं. खरं लिहावं तर त्या बाईंची झोप जाईल, आणि आईचं नाव जाईल. न लिहावं तर तिथे दर वर्षी आईचं ताट मांडलं जाईल आणि इथे आई शालीकडे पाठ करून झोपेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ झाकून धरणाऱ्याची बोटं अवघडतात, त्याचं काय, ते कुणी म्हणत नाही.

२५ डिसेंबर १९४९, खालापूर

रविवार, नाताळ. शाळेला सुट्टी. सकाळच्या गाडीने खोपोलीला उतरून चालत आलो. वाटेत मोरी लागते. पाय ओढल्यासारखा झाला. मोरीपासून आमचा ओटा किती जवळ दिसतो. धड पायाच्या माणसाला.

आई ओट्यावर वाल सोलत होती. मी शेजारी बसून सोलायला लागलो. सूप अर्धं भरलं. मग म्हटलं, "काशीने सांगितलं."

आईचे हात चालूच. "कवा?"

"दिवाळीच्या आधी."

"मंग इतकं दिस का आला नाय?" उत्तर तिनेच दिलं. "लाज वाटली व्हय रं, आयची?"

"तुझी नाही. माझी." आणि सांगून टाकलं. लंडनला काय काय बोललो, मांडी, दिवा, पाणी, सगळं. तिथे आज तिच्यासाठी ताट मांडलंय हेसुद्धा. आई ऐकत होती. ताटाचं ऐकल्यावर वालाची शेंग हातातच राहिली.

"माज्यासाटी ताट?" म्हणाली. "अन् तू तिला मांडी सांगितलीस?" तिने आपल्या मांडीकडे बघितलं, जशी पहिल्यांदाच बघतेय.

रागावेल वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "त्या बाई विचारतात, तो काही बोलला का. खरं काय ते मी लिहीन, नाहीतर नाही लिहिणार, तू सांगशील तसं. पण काही बोलला का तो?"

"बोलला तर." आई रस्त्याकडे बघत होती. एक लॉरी पुण्याकडे गेली. "रातभर बोलला. त्येच त्येच, एकच. दाराला त्वांड लावून बोलत हुता, माज्या कानापासून हितं, येवढ्यावर. अजून झोपताना ऐकू येतंय. जसंच्या तसं म्हनून दाखवीन."

"मग म्हण ना, आई."

"नाय."

"का?"

"मी म्हनीन. अन् तुला इंग्रजी येतंय. तू अर्थ सांगशील." सूप उचलून ती आत गेली. आतून म्हणाली, "शाल उबदार हाय म्हनून लिव त्या बाईला. हात लावून बघितलाय म्या."

दुपारची जेवणं झाली. ओट्यावर कागद घेऊन बसलोय. शाल उबदार आहे, एवढं लिहून झालंय. आई आत झोपली आहे की जागी आहे कळत नाही. दार सताड उघडं आहे. पुढची ओळ अजून लिहिलेली नाही.